न काढलेला घास

१

दसऱ्याच्या सकाळी कुसाबाई आडके यांच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला, आणि त्यातला आकडा पाहून मी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. कुसाबाईंच्या रक्तात कॅन्सरच्या गोळीचं औषध हवं त्याच्या चौपट होतं.

कुसाबाई आदल्या दिवसापासून वरच्या मजल्यावर आयसीयूत, श्वासाच्या मशीनवर होत्या. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातली बाई. किडनीची गाठ होती, पण पोळ्याच्या सुमारास सुरू केलेल्या गोळीने ती ताब्यात होती. आणि आता दोन्ही फुप्फुसं सुजून श्वास मिळेना.

मी मंदाकिनी गायधनी. या हॉस्पिटलात मी रोगी तपासत नाही, औषधं तपासते. एखाद्या औषधाने घात केला, तर तो का केला हे शोधणं माझं काम. मी लवकर चिडते अशी माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही.

रिपोर्ट वाचून होतो न होतो तोच कुसाबाईंची मुलगी सृष्टी आत आली. पंचवटीत एका मेडिकल स्टोअरमध्ये ती काम करते. तिने न बसताच सांगितलं, "मॅडम, चौपट म्हणजे काय ते मला कळतं. माझ्या आईला रोज गोळी कोण देतं ठाऊक आहे? वहिनी. दुसरं कुणी त्या डबीला हातसुद्धा लावत नाही."

"आणि वहिनी जास्त गोळ्या का देईल?"

"कंटाळली होती. ‘हे कधी संपायचं’ असं म्हणाली होती, माझ्या कानांनी ऐकलंय मी. दादानं तिला माहेरी जा म्हणून सांगितलंय. मी पोलिसांत तक्रार देणार आहे."

सून म्हटली की संशयाला बसायला पाट मांडलेलाच असतो. दुसरीकडे शोधायची तसदी कुणी घेत नाही, याचाच मला राग येतो. मी सृष्टीकडे उद्या सकाळपर्यंतची मुदत मागितली. तिने ती दिली, पण नाइलाजाने.

दार उघडून बाहेर पाहिलं तर जिन्याच्या पायरीवर एक तरुण बाई बसली होती. शेजारी कपड्यांची पिशवी. नवऱ्याने जा म्हटलं होतं, आणि ती गेली नव्हती.

२

"योगिनी ना? आत ये."

ती आली. बोटांना झेंडूचा रंग लागलेला होता. नवरात्रात फुलवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पहाटेपासून तोडणी, मग गाडी भरणं.

"गोळी तूच देत होतीस?"

"हो. सकाळी एक. समोर उभी राहून, गिळेपर्यंत."

"कधी चुकून दोन?"

"नाय. मॅडम, ‘हे कधी संपायचं’ असं मी म्हणाले होते. खोटं कशाला बोलू? पण ते त्यांच्या आजारपणाला म्हणाले, त्यांना नाय."

तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. घरून निघताना कुणी न सांगता घेतली होती. मी ती हातात घेऊन पाहिली. जेवढ्या गोळ्या उरायला हव्या होत्या, तेवढ्याच उरल्या होत्या. ही गोळी साध्या दुकानात मिळत नाही. आमच्याकडूनच मिळते, आणि जुनी पट्टी रिकामी परत दिल्याशिवाय नवी देत नाहीत. म्हणजे कुसाबाईंच्या पोटात जास्त गोळ्या गेल्याच नव्हत्या. तरी रक्तात औषध चौपट.

इथे ही गोळी करते काय ते सांगायला हवं. पेशीला वाढायचं तर आधी प्रथिनं बनवावी लागतात, घर बांधायचं तर आधी विटा लागतात तशी. किती बनवायची हे ठरवणारा एक कॉक प्रत्येक पेशीत असतो. अन्न मुबलक असलं, शरीराचा वाढीचा हुकूम आला, की तो उघडतो. उपासमार झाली की आवळला जातो. कॅन्सरच्या पेशीत हा कॉक उघडाच अडकून बसतो. पेशी प्रथिनं बनवत सुटते, फुगते, एकीच्या दोन होतात, दोघी पुन्हा फुगतात. कुसाबाईंची गोळी हा कॉक आवळते. गाठ मरत नाही, पण तिची वाढ थोपते.

अडचण एवढीच की हा कॉक सगळ्याच पेशींत असतो, चांगल्यांतसुद्धा. औषध फार झालं तर तोंड आतून सोलतं, जखमा भरत नाहीत, फुप्फुसं सुजतात.

"घरी त्यांना जेवण जायचं का?" मी विचारलं.

योगिनीचा चेहरा जरा उजळला. "तेवढंच एक बरं होतं मॅडम. त्यांचा नवरात्राचा उपास असतो दरवर्षी, वणीच्या देवीचा. धान्य तोंडात घेत नाय, घरच्या मळ्यातलं फळ तेवढं. औंदा डॉक्टरांनी बंदी केली, आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून मनवलं. मी दुपारी ताट मांडून तोडणीला जायची. आले की ताट चाटूनपुसून स्वच्छ. मला एवढं बरं वाटायचं."

मलाही बरं वाटलं. ती माझी चूक होती, हे दुपारी कळलं.

३

आयसीयूत गेले. कुसाबाईंच्या उजव्या हाताच्या बोटांवर दोन जखमा होत्या. तर्जनीवर जुना वण, पांढरा आणि मिटलेला. अंगठ्यावर चीर, तिची तोंडं अजून उघडी, जणू कालच कापलं आहे.

मुलगा दीपक काचेबाहेर उभा होता. त्याला बोलावून विचारलं.

"बोटावरचं आधीचं आहे. गोळी सुरू होऊन थोडे दिवस झाले होते, गुलाब छाटताना लागलं. गणपतीत भरून आलं."

"आणि अंगठा?"

"तो घटस्थापनेला. देवीची माळ करताना कात्री लागली." त्याने खाली पाहिलं. "मॅडम, माझी बायको तसलं करील असं वाटत नव्हतं. पण मग दुसरं कोण?"

मी पुन्हा त्या दोन बोटांकडे पाहिलं. गोळी तीच, हात तोच. पहिली जखम गोळी चालू असताना भरली, दुसरी भरली नाही. म्हणजे घटस्थापनेपर्यंत सगळं ठीक होतं, आणि त्याच सुमारास काहीतरी नवं घडलं. योगिनी काही घटस्थापनेपासून गोळ्या द्यायला लागली नव्हती.

गोळ्या तेवढ्याच आणि औषध चौपट, याचा अर्थ एकच. शरीर औषध मोडेनासं झालं होतं. आपल्या आतड्यात एक राखणदार असतो. गोळीतला बराचसा भाग तो रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतो, आणि आम्ही गोळीचं माप त्याचा हिशेब धरूनच ठरवतो. हा राखणदार झोपला तर तीच गोळी चार गोळ्यांसारखी वागते. त्याला झोपवणारी काही औषधं आहेत. बुरशीवरची तर फारच.

मी सृष्टीला गाठलं. "तू दुकानातून आईसाठी काही नेलं होतंस?"

तिचा रंग उतरला. "तोंड आलं होतं तिला. पाणी पिववत नव्हतं. मी बुरशीची गोळी... मॅडम, ती गोळी आणि ही गोळी एकत्र चालत नाही का?"

नाही चालत. क्षणभर मला वाटलं, कोडं सुटलं, आणि तक्रार करायला निघालेली पोरच गुन्हेगार ठरली.

४

"कधी दिलीस?"

"अष्टमीला. संध्याकाळी एकच घेतली तिनं, दुसऱ्या दिवशी तर इथे आणलं."

मी सुटकेचा श्वास सोडला, तिच्यासाठीही. जे कारण असेल ते परिणामाच्या आधी घडलेलं हवं. तोंड आलं म्हणून तिने गोळी नेली. म्हणजे तोंड सोलणारं औषध रक्तात त्याआधीच चढलेलं होतं. अंगठ्याची जखम तर घटस्थापनेपासून उघडी होती. सृष्टीच्या गोळीने जळत्यात तेल ओतलं असेल, पण काडी तिने लावली नव्हती.

हे सांगितल्यावर ती रडली. पण रडून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे पुन्हा वहिनीच." माणसाला स्वतःच्या मानेवरचं ओझं उतरलं की ते ठेवायला दुसऱ्याची मान लागते.

दुपारी मी योगिनीला घेऊन मखमलाबादला गेले. मळ्यातलं साधं सिमेंटचं घर, समोर झेंडूचे वाफे, देवघरात घट आणि वीतभर वाढलेलं धान. अखंड दिवा शेजारणीने तेवत ठेवला होता. औषधाचं कपाट पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं. काढे नव्हते, चूर्णं नव्हती. मला काहीच सापडेना, आणि मी चिडत चालले होते.

तेवढ्यात गाय आली. दावं सोडलेली, ती थेट स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि मान आत घातली.

"घासासाठी आली," योगिनी म्हणाली. "आई जेवायला बसल्या की पहिला घास गाईचा काढतात. ताटाच्या कडेला ठेवायचा, मग स्वतः जेवायचं. घास काढल्याशिवाय त्यांनी कधी अन्न तोंडात घातलं नाय. दवाखान्यातसुद्धा काढायच्या."

"मग नवरात्रात रोज गाईला घास तूच घालायचीस?"

"हो, ताट उचलताना..." हातातला तांब्या तिने खाली ठेवला. "नाय. नवरात्रात ताटात घास नसायचाच. ताट अगदी साफ असायचं. मीच वेगळी भाकरी घालायची गाईला." मग फार हळू म्हणाली, "मॅडम, मग ते ताट कोण जेवायचं?"

आम्ही दोघी गोठ्याकडे गेलो. गाय मागोमाग आली. गोठ्याच्या कोपऱ्यात डासांसाठी धूर करायची घमेली होती. राखेत अर्धवट जळलेली जाड सालं होती, बोटभर जाडीची, आतून पांढरी. मी एक उचलून नाकाशी नेलं. कडसर, लिंबासारखा वास अजून होता.

विहिरीमागे झाड उभं होतं. पपनसाचं. शेंड्याकडे मोठाली फळं लोंबत होती. हात पोचेल तिथवरच्या फांद्या मात्र रिकाम्या होत्या.

"धूर कोण करायचं?" मी विचारलं.

"आबा," योगिनी म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून तिथेच खाली बसली. आबा म्हणजे तिचे सासरे, गोरक्ष आडके.

५

गोरक्ष आडके कालपासून आयसीयूसमोरच्या बाकावर बसून होते. कुणाशी बोलले नव्हते. सगळ्यांना ते दुःख वाटलं होतं, आणि ते दुःख होतंच. मी शेजारी जाऊन बसले.

"आबा, तुम्ही मला काही सांगू नका," मी म्हणाले. "मीच सांगते. चुकलं तर खूण करा."

ते समोरच्या काचेकडे पाहत राहिले.

"कुसाबाईंनी उपास सोडला नव्हता. सगळ्यांसमोर हो म्हणाल्या, आणि तुम्हाला शपथ घातली. योगिनीनं मांडलेलं ताट तुम्ही जेवायचे, तिला संशय येऊ नये म्हणून. पण गाईचा घास काढायची सवय बाईंची, तुमची नाही. तो राहिला."

त्यांनी टोपी सारखी केली, खूण केली नाही.

"त्या खायच्या घरच्या झाडाचं पपनस. तोंड आल्यावर फोडी झोंबायला लागल्या असतील, मग तुम्ही रस काढून गाळून दिला असेल. रोज अर्धं फळ."

गोरक्ष आबांनी गुडघ्यावरचा हात उचलला आणि एक बोट वर केलं. अर्धं नाही. एक.

मी त्यांना पपनसाचं सांगितलं. आतड्यातल्या राखणदाराला हे फळ झोपवतं. एरवी कुणाचं काही बिघडत नाही. पण ही गोळी पोटात असताना तो झोपून चालत नाही. आमच्या हॉस्पिटलच्या सूचनांच्या कागदावर अशा एका परदेशी फळाचं नाव आहे, जे इथे कुणी पाहिलेलंही नाही. विहिरीमागच्या पपनसाचं नाव त्यावर घालायचं कुणाला सुचलं नाही. ते आता मी घातलं आहे.

"तुम्हाला ठिबकचा कॉक माहीत आहे," मी म्हणाले. "वाढीचा तसाच कॉक प्रत्येक पेशीत असतो. आमची गोळी तो आवळत होती. फळानं गोळीचा जोर चौपट केला. आणि उपासानंही तोच कॉक आवळला, कारण अन्न आलं नाही की पेशी आपणहून प्रथिनं बनवणं थांबवते. तीन हातांनी एकच कॉक बंद केला आबा. गाठीचं पाणी तुटलं, आणि बाकीच्या सगळ्या शरीराचंही."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"आता एकच राहिलं. बाई बेशुद्ध झाल्या तरी तुम्ही बोलला नाहीत. सुनेवर आळ आला तरी नाही. शपथ पारणं होईपर्यंतची आहे का? बोललात तर उपास मोडेल, आणि उपास मोडला तर देवी त्यांना नेईल?"

त्यांनी मान हलवली. होकाराची.

मला राग यायला हवा होता. पण बायको जगावी म्हणून तोंड मिटून बसलेला माणूस पुढ्यात होता, आणि त्या मिटल्या तोंडाने एका पोरीचं घर मोडत होतं, हे त्यालाही दिसत होतं. मला फक्त वाईट वाटलं.

मी अहवाल लिहिला. सृष्टीने तो वाचला, तक्रार थांबवली, पण म्हणाली, "हे तुमचं अनुमान आहे मॅडम. आबांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, मग मानीन." म्हणजे योगिनीची अब्रू आता आत निजलेल्या बाईच्या एका घासावर अडकली होती. बाई गेल्या असत्या तर गोरक्ष आडके जन्मभर बोलले नसते.

६

गोळी बंद होती. फुप्फुसांची सूज उतरवणारं औषध चालू होतं. रक्तातला आकडा रोज थोडा उतरत गेला. योगिनी रोज यायची, आयसीयूच्या काचेशी उभी राहायची आणि पायरीवर जाऊन बसायची. घरातलं कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. पिशवी तशीच शेजारी असायची.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मशीन निघालं. कोजागिरीला दुपारी डॉक्टरांनी मऊ जेवणाची परवानगी दिली. योगिनीने घरून मऊ भात आणि पातळ वरण आणलं. खोलीत आम्ही सगळेच होतो. सृष्टी खिडकीशी, दीपक दाराशी, आबा पलंगाच्या पायथ्याशी उभे.

योगिनीने घास भरवायला चमचा पुढे केला, तर कुसाबाईंनी मान हलवून तो बाजूला सारला. स्वतःच्या बोटांनी चिमूटभर भात उचलला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा घास तोंडात घातला.

त्यांनी तो गिळला.

"झालं पारणं," आबा म्हणाले. इतक्या दिवसांनी आवाज फुटला तो घोगरा होता. "आता सांगतो. सुनेनं काय नाय केलं. ताट म्या जेवलो. पपनस म्या सोललं, माझ्या ह्या हातानं. तिला उपासाचं ठावंबी नव्हतं. पोरीला लोकं नाय नाय ते बोलली, आन् म्या आईकत बसलो. देवीला भ्यालो. सुनेला नाय भ्यालो, तिला भ्यायला पायजे व्हतं."

कुसाबाईंनी घरातल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना हळूहळू उमगत गेलं. "योगिनीला बोलले?" त्यांनी विचारलं. सृष्टीने मान खाली घातली, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच मला म्हणाल्या, "गाठ कशी हाय बाई?"

"थांबली आहे," मी म्हणाले. "अजिबात वाढलेली नाही."

"मग देवीनं ऐकलं."

मी वाद घातला नाही. गाठीचा कॉक तिघांनी मिळून आवळला होता, त्यातला एक हात देवीच्या उपासाचा होता हे नाकारता येत नव्हतं. एवढंच म्हणाले की महिन्याभराने गोळी पुन्हा सुरू करू, कमी मापाने, आणि तेव्हा पोटभर जेवायचं.

"झाड तोडून टाकतो," आबा म्हणाले.

"झाडानं काय केलंय?" मी म्हणाले. "फळं शेजाऱ्यांना वाटा."

सृष्टी पुढे आली. "वहिनी, मी..." योगिनीने तिच्या दंडाला हात लावला आणि काढून घेतला. मग ताट उचललं, गाईसाठी काढलेला घास रिकाम्या डब्यात घातला आणि झाकण लावलं.

दीपक म्हणाला, "चल, घरी जाऊ."

"मी माहेरी कळवणला चालले," योगिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी जा म्हणालात तेव्हा नाय गेले. गेले असते तर विष घालून पळाली म्हणाले असते. आता आई जेवल्या, आबा बोलले. आता जाते. न्यायला यायचं का ते तुम्ही ठरवा. यायचं का ते मी ठरवीन."

कुसाबाईंनी डोळे उघडले, पण तिला थांब म्हणाल्या नाहीत. नुसता हात उचलला. योगिनीने वाकून तो कपाळाला लावला.

दाराशी तिने पिशवी खांद्याला अडकवली. डबा मात्र हातातच होता.

"आधी मळ्यात जाते," ती मला म्हणाली. "गाय दाराशी उभी असंल. तिला घास घालते, आन् मग एसटी धरते."